देवी काढणार, थोरांनी यावे

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि जोडाक्षर आलं की माझा हात बुजलेल्या बैलासारखा तिथंच थांबतो. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. तेव्हा जेवढं येत होतं तेवढ्यावरच आजवर भागवलं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. पण ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवलेली वस्तू कधीतरी कुणाच्या हाती लागतेच, म्हणून चुकांची माफी मागून ठेवते. शिवाय जी गोष्ट लिहायला बसले आहे ती माझ्या लिहिण्याच्या चुकांचीच आहे. तेव्हा चार चुका राहिल्या तरी शोभून जातील.

माझं माहेर कराडजवळ, मलकापूरच्या पलीकडं. सासर सांगलीच्या बाजूला, नदीपासून कोसभर आत. ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या एक-दोन वर्षं आधीची, नक्की साल आठवत नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती. मालक पलटणीत. वर्षातून एकदा रजेवर यायचे, आणि माझी भीड चेपायच्या आत रजा संपायची. सासरे मुंबईला गिरणीत, म्हणून एरवी घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई.

मी फार लाजाळू. आडावर बायका तासतासभर बोलायच्या, मी घागर भरून खाली मान घालून परत यायची. मी मुकी आहे असंच निम्म्या गावाला वाटत होतं, हे मला पुढं कळलं. सासूबाईंचं उलट. त्यांनी ओसरीवरून हाक मारली की ओढ्यापलीकडची गुरं मान वर करून बघायची.

दसरा होऊन गेला होता. शेंगा काढायचे दिवस, गावात एक माणूस रिकामं नव्हतं. त्या गडबडीत सांगलीहून जावयांचं कार्ड आलं. माझी नणंद विश्रामबागेत राहायची, जावई तिथंच एका कचेरीत कारकून होते. नणंदेला सातवा संपत आला होता. तिच्या पायांवर सूज होती, म्हणून डॉक्टरांनी तिला माहेरी पाठवू नका, दवाखान्याजवळच ठेवा, असं सांगितलं होतं. त्यामुळं बाळंतपणाला सासूबाईंनीच तिकडं जायचं ठरलं होतं. त्यांची बोचकी महिनाभर आधीच बांधून तयार होती. डिंक, खारीक, जुन्या लुगड्यांची बाळोती, सगळं.

कार्ड मी वाचून दाखवलं. सगळी खुशाली झाल्यावर खाली लिहिलं होतं, की इकडं एक-दोन ठिकाणी देवीचे रोगी निघाल्याचं बोललं जातं, तेव्हा आईंनी टोचून घेऊनच यावं. न टोचलेल्या माणसानं बाळाला घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"न्हाई. तू आपल्या मनचं वाचतीयास. जावई असं लिवायचं न्हाईत."

तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी कार्डच माझ्या हातातून घेतलं आणि उलटं धरून उजेडात बघितलं. "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी 'आई' या अक्षरांवर बोट ठेवलं.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या, आणि कार्ड कोनाड्यात खुपसून जे बाहेर पडल्या ते दिवस मावळताना घरी आल्या.

सासूबाईंनी जन्मात कधी टोचून घेतलं नव्हतं. लहानपणी देवीवाले गावात आले तेव्हा त्यांच्या आईनं त्यांना कणगीत लपवलं होतं, आणि दोन पायल्या ज्वारी अंगावर ओतली होती. ही गोष्ट त्या मोठ्या अभिमानानं सांगायच्या, जशी काही लढाईच जिंकली होती. त्यातून आमच्या गावाची देवी जागृत. ती अंगावर आली तर पाहुणी म्हणून यायची, तिला दारातून हाकलायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. शाळेतली पोरं टोचली जायची त्याला त्यांची ना नव्हती. "पोरास्नी कळत न्हाई, देवी त्यास्नी माफ करती. मी एवढी घोडी झाली, मला कशी माफ करंल?"

पण त्या दिवसापासून त्यांची भाकरी कमी झाली. संध्याकाळी बोचकं सोडायच्या, बाळोत्यांच्या घड्या मोडायच्या, परत घालायच्या, परत बांधायच्या. लेकीकडं जायचं तर दंड पुढं करायचा, आणि दंड पुढं केला तर देवी रुसायची. त्यांची ही ओढाताण मला दिसत होती. पण त्यांना दोन शब्द सांगायची माझी छाती नव्हती.

मग एक दिवस देवी-डॉक्टर आले. खरं तर ते डॉक्टर नव्हते, टोचणारे होते, पण आम्ही त्यांना तसंच म्हणत होतो. सायकलला पेटी बांधलेली. आमचं घर रस्त्याला लागून, म्हणून आधी आमच्याच दारात उतरले. सासूबाई शेतात होत्या.

"पोरं टोचून झालीत," ते म्हणाले, "पण म्हातारी माणसं सगळीकडं निसटतात. एक तर म्हणतात आता आमचे किती दिवस राहिलेत, नाहीतर शेतात जाऊन बसतात. उद्या सकाळी मी तुमच्या देवळात बसणार. चावडीच्या फळ्यावर तेवढं लिहायला हवं. गुरुजी कुठं आहेत?"

शाळेला सुट्टी होती, गुरुजी आपल्या गावी गेले होते. मी नुसती मान हलवली.

"तुम्हाला लिहिता येतं?"

येतं म्हणावं की नाही म्हणावं हे ठरायच्या आत माझी मान पुन्हा हलली, आणि त्यांनी माझ्या हातात खडू ठेवला. त्यांना दिवस असताना पुढची वाडी गाठायची होती. सायकलवर टांग टाकता टाकता त्यांनी मजकूर सांगितला. 'उद्या सकाळी देवळात देवीची प्रतिबंधक लस टोचली जाईल. वयस्क व्यक्तींनी अवश्य यावे. उजवा दंड धुऊन यावे.' एवढं सांगून ते गेले.

चावडीवर चिटपाखरू नव्हतं म्हणून बरं. मी फळ्यापुढं उभी राहिले आणि मला घाम फुटला. 'प्रतिबंधक' हा शब्द मी जन्मात लिहिला नव्हता. माझ्या माहेरी टोचण्याला सगळे 'देवी काढणे' म्हणायचे. म्हणून मी लिहिलं, 'उद्या सकाळी देवळात देवी काढणार.' मग 'वयस्क व्यक्ती' आलं. तीन जोडाक्षरं एका ओळीत! आम्ही लहानथोर म्हणतो, त्यातलं थोर सोपं आहे. म्हणून लिहिलं, 'थोरांनी जरूर यावे.' माझं अक्षर मोठं, फळा लहान. खाली उरलेल्या कोपऱ्यात 'दंड' एवढंच मावलं, 'धुऊन' ला जागाच राहिली नाही. दंड म्हटल्यावर काय ते कळेल, असं मनाशी म्हणून मी हात पुसले आणि घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणी लावून परत येते तो सासूबाई न्हाऊन, ठेवणीतलं इरकल नेसून, ओटीचं ताट हातात घेऊन उभ्या. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू.

"कुठं निघालाय?" मी विचारलं.

"आगं, देवी काढत्यात न्हवं आज? फळ्यावर लिवलंय म्हनं. गावोगाव रोगाची हूल उठलीया, म्हनून शीवंवरनं पालखी फिरवत असतील. बरंच झालं. मी बी आईला गाऱ्हानं घालीन."

मी जागच्या जागी थिजले. आमच्या माहेरची 'देवी काढणे' आणि यांच्या गावची 'देवी काढणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या क्षणी उमगलं. इथं टोचण्याला टोचणंच म्हणत होते. इथं देवी काढायची म्हणजे पालखीत घालून मिरवायची.

खरं सांगायचं तर ओठावर शब्द आला होता. पण मी तो गिळला. थोडा लाजेनं, आणि थोडा लबाडीनं. सासूबाई देवळात गेल्या तर सुईपुढं तरी जातील, असं मनात आलं. त्यांच्या मागं मीही निघाले.

देवळापुढं जत्रा लोटली होती. गुरवानं माळ्यावरची पालखी काढून पुसून ठेवली होती. त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं, पण फळ्यावर आलं म्हणजे पाटलानं ठरवलं असेल, असं तो धरून चालला होता. पाटलाला वाटत होतं गुरवानं ठरवलं. हलगीवाला पाचोळ्याच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. म्हाताऱ्या बायका ओट्या घेऊन आल्या होत्या. ज्यांना देवाधर्माची आवड नव्हती असे म्हातारे शेतातली कामं टाकून दंडाच्या भीतीनं आले होते. "न येनाऱ्याला किती दंड हाय रं? फळ्यावर आकडाच न्हाई," असं एक जण विचारत होता.

आणि सगळ्यांत पुढं आमचे चुलत सासरे. तरुणपणी कुस्त्या केलेले, मिशा अजून पीळ दिलेल्या. सासूबाई लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून दोघांचं वाकडं. त्यांनी तांबडा पटका बांधला होता. "थोरांनी यावं म्हनून लिवलंय," ते ज्याला त्याला सांगत होते. "गावात थोर म्हंजे आनि कोन हाय?"

एवढ्यात देवी-डॉक्टर सायकलवरून उतरले. ती गर्दी, ते नारळ, ती हलगी बघून त्यांचे डोळे भरून यायचेच बाकी राहिले. "एवढं शहाणं गाव मी जिल्ह्यात बघितलं नाही!" ते म्हणाले आणि पारावर पेटी उघडून बसले. स्पिरिटचा दिवा लावला, सुया मांडल्या.

गुरव जवळ गेला. "तुमी पालखीच्या म्होरं चालनार का मागं?"

"कसली पालखी?"

मग जो गोंधळ झाला तो सांगता येत नाही. देवी कुठाय, पालखी का थांबली, सुई कशाला, हा माणूस कोण, सगळे एकदम बोलायला लागले. मी देवळाच्या खांबामागं अंग चोरून उभी होते. शेवटी पाटील ओरडले, "फळ्यावर लिवलं कुनी?"

देवी-डॉक्टरांनी खांबाकडं बोट दाखवलं. "त्या बाईंना सांगितलं होतं मी."

चुलत सासऱ्यांना आयतंच सापडलं. "काय वैनी! तुमच्या सुनंनं देवीच्या नावानं गावाला गंडवलं की वो. आनि आमास्नी थोर म्हनून बोलावलं ते ह्या सुईसाठनं व्हय?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मी तिथंच मातीत गेले असते तर बरं झालं असतं.

देवी-डॉक्टर बिचारे समजावत होते. मुंगी चावल्यासारखं होईल, चार-आठ दिवसांनी दंड फुगेल, थोडी कणकण येईल, की झालं. ते कणकणीचं बोलले नसते तर बरं झालं असतं. शेंगा काढायला रोजानं जाणाऱ्या म्हाताऱ्या लगेच माघारी वळल्या.

"मंजे ताप येनार."

"दीड रुपया रोज हाय बाई सुगीचा. तापानं पडलो तर रोज कोन देनार? देवी का डाक्तर?"

त्या चालायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर सासूबाईही वळल्या. मला एकदम ते बोचकं दिसलं. रोज सोडलेलं, रोज बांधलेलं. आज ह्या माघारी गेल्या तर ते बोचकं तसंच राहणार, आणि नातवंड वर्षाचं होईपर्यंत त्या ते डोळ्यांनी बघणार नाहीत.

"ताप आला तर रोज मी दीन."

माझाच आवाज होता. खांबामागून आला, आणि फाटका आला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आगं बया," एक म्हातारी म्हणाली, "ही बोलती व्हय!"

सगळे हसले. चुलत सासरे सगळ्यांत मोठ्यानं. "बोलती खरी, पर देनार कुठनं? नवरा पल्टनीत, मनीआर्डर सासूच्या कनवटीला. सुनंचा शबूद आनि सासूचा पैका!"

सासूबाईंनी ताट गुरवाच्या हातात दिलं. पदर खोचला. एरवी माझ्यावर ओरडायच्या तेवढ्याच मोठ्यानं त्या ओरडल्या, पण ह्या वेळी माझ्यावर नाही. "भावजी, आमच्या घरात शबूद दिला की दिला. सुनंनं दिला काय आनि सासूनं दिला काय. गुरव, माझी ओटी आईच्या पायापाशी ठेव आनि सांग तिला, तुझ्याच पारावर बसलीया म्हनावं, रुसू नगंस." आणि त्या पारावर जाऊन बसल्या, चोळीची बाही वर सारली, तोंड देवीच्या गाभाऱ्याकडं केलं.

दोन टोकांची बारीक सुई कुपीत बुडवून देवी-डॉक्टरांनी टुचटुच टुचटुच टोचलं. सासूबाई मोजत होत्या. पंधरा झाल्यावर म्हणाल्या, "एवढंच? आनि ह्याच्यासाठनं मी कनगीत बसली हुती?"

त्यानंतर म्हाताऱ्या रांगेनं बसल्या. म्हातारेही आले. चुलत सासरे आपल्या पटक्याची गाठ सोड-बांध करत कडेला उभे होते. सासूबाई दंड वाऱ्यावर धरून त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "का वो थोर? मिशा घरला ठेवून येतासा, का मिशांसकट टोचून घेतासा?" ते आले, पण डोळे गच्च मिटून. एवढ्या कुस्त्या मारलेला माणूस सुईला भितो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

पालखी बाहेर काढलीच होती म्हणून तीही मग देवळाभोवती फिरवली. हलगीवाल्याची मेहनत वाया जायला नको, असं पाटील म्हणाले.

आठव्या दिवशी दंड फुगले. रोजानं जाणाऱ्या सात म्हाताऱ्या आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. तिघींना खरा ताप होता. चौघींना होता की नव्हता ते देवीला ठाऊक, पण कण्हत सातही जणी होत्या. सासूबाईंनी कनवटीचे पैसे सोडले आणि एकेकीच्या हातावर दीड-दीड रुपया ठेवला. चुलत सासरेही आले होते. "आमचा बी रोज बुडाला."

"तुमी चावडीवर बसतासा," सासूबाई म्हणाल्या. "बसायचा रोज देत न्हाईत."

सगळे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "साडेधा गेलं. शबूद तुझा, पैका माझा. फेडायचं तू."

मी मान हलवली.

"आनि माझा बी दंड फुगलाय, मला बी ताप हाय. माझा दीड धर. बारा झालं."

त्यांनी जात्याजवळच्या भिंतीवर कोळशानं बारा रेघा ओढल्या. लिहिता येत नसलं तरी हिशोब त्यांचा माझ्याहून पक्का होता.

दंडावरची खपली पडल्यावर मी सासूबाईंना एस.टी.नं सांगलीला पोचवायला गेले. दारातच जावई उभे होते. आमच्याकडं सासू जावयापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. पण सासूबाई उंबऱ्यावरच थांबल्या, पदर दातांत धरला आणि दंड पुढं केला. "बघा जावईबापू, माझा दाखला. आता सरा वाटंतनं." जावई लाजून बाजूला झाले. पंधरा दिवसांनी नणंद बाळंत झाली, मुलगी झाली. दवाखान्यात बाळाला आईनंतर सगळ्यांत आधी सासूबाईंनी घेतलं, असं नणंदेनं मला पत्रात कळवलं. ते पत्र सासूबाई परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून सहा वेळा वाचून घेतलं. ह्या वेळी मी आपल्या मनचं वाचते असं त्या म्हणाल्या नाहीत.

पुढं कॉलरा टोचायला कुणी आलं की पाटील मलाच निरोप पाठवायचे, "सूनबाईला म्हनावं तसंच लिव, मंजे मानसं येत्यात." मी आता 'प्रतिबंधक लस' लिहायला शिकले होते, पण गावाला 'थोर'च आवडलं होतं. टोचून घेतलेल्या म्हाताऱ्याला गावात थोर झाला म्हणायचे. "तू थोर झालीस का गं?" असं आडावर म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, आणि दंड दाखवायच्या. मीही तिथं थोडं थोडं थांबायला लागले होते.

बारा रुपये फेडायला मला चैत्र उजाडला. शेंगा काढून झालेल्या रानात मी सरवा वेचला, जमिनीत राहिलेल्या शेंगा उकरून पायली-अधोली करून विकल्या. माहेरून आणलेल्या दोन कोंबड्यांची अंडी विकली. रुपया जमला की सासूबाईंच्या हातावर ठेवायचा, आणि त्यांनी ओल्या बोटानं एक रेघ पुसायची. एकदा कोंबडी खुडूक बसली तेव्हा महिनाभर एकही रेघ पुसली नाही. सासूबाईंनी ना कधी मागितलं, ना कधी सोडलं.

शेवटचा रुपया सुट्ट्या पैशांत होता. त्या दिवशी ओसरीवर शेजारच्या बायकाही बसल्या होत्या. सासूबाईंनी पैसे दोनदा मोजले, कनवटीला खोचले, उठल्या आणि बारावी रेघ पुसली. भिंतीवर नुसता काळपट डाग राहिला.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "आता तू माझं काय देनं लागत न्हाईस."

"नीट मोजून घेतलंसा न्हवं?" मी विचारलं. बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"घेतलं की गं, भवाने," सासूबाई म्हणाल्या. "पुरं बारा."